डॉ. दत्ता सामंत : संपाच्या आधी आणि जमिनीच्या नंतर

मुंबईतील कापड गिरण्या कशामुळे बंद पडल्या, असे शहरात कोणालाही विचारले तर बहुधा एकाच माणसाचे नाव पुढे येते. डॉ. दत्ता सामंत. त्यांनी संप केला, तो मिटवला नाही आणि गिरण्या बुडाल्या, अशी ही सोपी सुटसुटीत गोष्ट आहे. लोअर परळच्या मॉलमध्ये सुट्टीची संध्याकाळ घालवणाऱ्या पिढीलाही ती ठाऊक असते. किंबहुना तेवढीच ठाऊक असते. लालबाग-परळच्या जुन्या चाळींतून मात्र सामंतांचा उल्लेख अनेक वर्षे नुसता ‘डॉक्टर’ असाच होत राहिला. ज्यांचे संसार त्या संपात उद्ध्वस्त झाले, त्यांच्यातीलच अनेकांच्या मनात या माणसाविषयी कटुता नव्हती. या दोन आठवणींचा मेळ कसा घालायचा, हा प्रश्न सामंतांच्या हत्येनंतर पाव शतकाहून अधिक काळ लोटला तरी सुटलेला नाही. त्याचे उत्तर काही अंशी त्यांच्या स्वभावात आहे आणि बऱ्याच अंशी, त्यांनी ज्या प्रश्नाकडे उशिरा पाहिले त्या जमिनीच्या प्रश्नात आहे.

दत्ता सामंत यांचा जन्म २१ नोव्हेंबर १९३२ रोजी देवबाग येथे झाला. मालवणच्या दक्षिणेला एका बाजूस कर्ली नदी आणि दुसऱ्या बाजूस समुद्र, अशा चिंचोळ्या वाळूच्या पट्टीवर वसलेले हे गाव. त्या काळी हा सारा भाग रत्नागिरी जिल्ह्यात मोडत असे, आणि त्या जिल्ह्याचे मुख्य पीक म्हणजे मुंबईला जाणारी माणसे, असे म्हटले तर वावगे ठरू नये. गिरणगावातील लाखो कामगारांपैकी मोठा हिस्सा कोकणातून आणि उरलेला बराचसा सातारा, पुणे, कोल्हापूर अशा घाटावरच्या जिल्ह्यांतून आलेला होता. सामंत मात्र गिरणीत लागण्यासाठी आले नाहीत. मध्यमवर्गीय घरातील हा मुलगा परळच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाला. महाविद्यालय आणि त्याला जोडलेले केईएम रुग्णालय गिरणगावाच्या ऐन मध्यभागी आहे, ही गोष्ट नोंदवून ठेवण्यासारखी.

शिक्षण संपल्यावर त्यांनी घाटकोपरच्या पंतनगरात दवाखाना थाटला. त्या परिसरातील टेकड्यांवर दगडाच्या खाणी होत्या आणि खाणीत राबणारी माणसे रुग्ण म्हणून दवाखान्यात येत. दगडाची धूळ, सुरुंग आणि अपुरे अन्न यांतून निर्माण होणाऱ्या आजारांवर औषध देऊन माणूस पुन्हा त्याच खाणीत परत जाणार, हे डॉक्टरच्या लक्षात यायला वेळ लागत नाही. साठच्या दशकात सामंतांनी या खाण कामगारांची संघटना बांधली. त्यांच्या कामगार चळवळीतील प्रवेशाची सुरुवात ही अशी आहे. तिच्यामागे कोणताही ग्रंथ नव्हता, पक्ष नव्हता, मार्क्सवादाचा अभ्यासवर्ग नव्हता. पुढे डाव्या पक्षांचे नेते त्यांच्याविषयी साशंक राहिले, त्याचे एक कारण हेच.

ते काँग्रेसमध्ये गेले, तिच्या इंटक या कामगार संघटनेत वावरले, काँग्रेसच्या तिकिटावर विधानसभेतही पोहोचले. तथापि, पक्षाची शिस्त त्यांना कधी मानवली नाही. आणीबाणीत १९७५ साली ते तुरुंगात गेले. सत्ताधारी पक्षाचा माणूस त्याच पक्षाच्या सरकारने आत टाकावा, यातूनच त्यांची कामगारांमधील पत वाढली. १९७७ साली सुटका झाल्यावर सामंत हे मुंबईच्या औद्योगिक पट्ट्यातील सर्वांत मागणी असलेले नाव बनले. कुर्ला, विक्रोळी, भांडुप येथील कारखाने आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यातील अभियांत्रिकी व रासायनिक उद्योग यांत जुन्या संघटना सोडून कामगार त्यांच्याकडे येऊ लागले.

त्यांची पद्धत ठरलेली होती. मागणी भरघोस करायची, संप लांबवायचा आणि तडजोड झाली तर ती कामगाराच्या खिशात दिसेल अशी करायची. कंपनीचा ताळेबंद पाहण्यात त्यांना रस नसे. मालकाने मांडलेल्या तोट्याचे आकडे हा त्यांच्या लेखी चर्चेचा विषयच नव्हता. कामगाराचा संसार कितीत चालतो हा होता. इंजिनीअरिंग आणि औषधनिर्मितीसारख्या भरभराटीच्या उद्योगांत ही पद्धत यशस्वी ठरली, कारण तिथे द्यायला पैसा होता. त्यांच्या आंदोलनांवर हिंसाचाराचे आरोप झाले, संघटनांमधील वैमनस्यातून मारामाऱ्या झाल्या, काही उद्योगांनी मुंबईबाहेरचा रस्ता धरला. हे सारे त्यांच्या नावावर जमा आहे आणि ते झाकण्याचे कारण नाही.

गिरण्यांचे प्रकरण मात्र वेगळे होते.

मुंबईत पहिली कापड गिरणी कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली स्थापन केली. त्यानंतरच्या शंभर वर्षांत भायखळ्यापासून दादरपर्यंत आणि शिवडीपासून वरळीपर्यंत गिरण्यांचे एक शहर उभे राहिले. दहा बाय बाराच्या खोल्यांच्या चाळी, पाळीवर जाणाऱ्या कामगारांना जेवण घालणाऱ्या बायकांच्या खाणावळी, गावकरी मंडळांचे गाळे, भजनी मंडळे, व्यायामशाळा, गणेशोत्सव आणि शाहिरी हे सारे या गिरणगावाने घडवले. १९२८ साली कम्युनिस्टांच्या नेतृत्वाखाली जवळजवळ सहा महिने चाललेल्या संपाने लाल बावट्याच्या गिरणी कामगार युनियनचा दबदबा निर्माण केला. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर मुंबई प्रांतात औद्योगिक संबंध कायदा आला. १९४६ च्या या कायद्याने एका उद्योगात एकाच संघटनेला प्रातिनिधिक मान्यता देण्याची तरतूद केली. कापड उद्योगात ही मान्यता इंटकप्रणीत राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे गेली आणि राहिली. म्हणजे मालकाशी बोलण्याचा अधिकार या एका संघटनेला. कामगाराचा तिच्यावर विश्वास असो वा नसो. मग कामगाराला आपला अविश्वास व्यक्त करण्याचा मार्ग एकच उरतो, तो म्हणजे बेकायदा ठरणारा संप.

ऐंशीच्या दशकाच्या आरंभी ही कोंडी टोकाला गेली होती. एकेकाळी मुंबईतील चांगल्या पगाराचा मानला जाणारा गिरणी कामगार, सामंतांच्या करारांमुळे वर गेलेल्या इंजिनीअरिंग कामगाराच्या मागे पडला होता. त्याच्याही खाली बदली कामगार होते. रोज सकाळी गिरणीच्या दारात उभे राहायचे, कोणी गैरहजर असेल तर आत जायचे, नसेल तर घरी परतायचे. आणि असे वर्षानुवर्षे. १९८१ च्या दिवाळीत बोनसच्या प्रश्नावर असंतोषाचा भडका उडाला. स्टँडर्ड मिलसह काही गिरण्यांचे कामगार थेट घाटकोपरला सामंतांच्या दारी जाऊन धडकले. सामंत सुरुवातीला तयार नव्हते, हे त्या काळच्या बहुतेक वृत्तान्तांत आढळते. कापड उद्योगाचा आणि त्या विशिष्ट कायद्याचा त्यांना अनुभव नव्हता. कामगार मात्र हटायला तयार नव्हते. ऐतिहासिक संप सामंतांनी कामगारांवर लादला, हा समज या ठिकाणी तपासून पाहायला हवा. संप कामगारांनी सामंतांकडे आणला, असे म्हणणे वस्तुस्थितीला अधिक धरून आहे.

१८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला. सुमारे साठ गिरण्या आणि अडीच लाखांच्या आसपास कामगार. मागण्यांमध्ये पगारवाढ होती, बदली कामगारांना कायम करणे होते, रजा आणि भत्ते होते. पण सर्वांत कळीची मागणी १९४६ चा कायदा बदलून कामगाराला आपली संघटना निवडू द्यावी, ही होती. पगारवाढीवर तडजोड शक्य होती. मान्यतेवर नव्हती. इथे मालकांशी नव्हे तर सरकारशी गाठ होती. कापड उद्योग सामंतांच्या हाती गेला तर उद्या बंदर आणि सरकारी उपक्रमही जातील, ही भीती दिल्लीपर्यंत पोहोचली होती, असे या संपाच्या अभ्यासकांनी मांडले आहे. संप सुरू झाला त्याच महिन्यात बॅरिस्टर अंतुले पायउतार होऊन बाबासाहेब भोसले मुख्यमंत्री झाले. १९८३ च्या फेब्रुवारीत वसंतदादा पाटील आले. मुख्यमंत्री बदलले, भूमिका बदलली नाही.

मालकांनाही घाई नव्हती. गोदामांत माल पडून होता. जुन्या यंत्रांवर वर्षानुवर्षे गुंतवणूक झाली नव्हती आणि भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या यंत्रमागांवर कापड स्वस्तात विणून मिळत होते. गिरणीचा शिक्का मारून बाहेरचे कापड विकण्याची सोय संपाने अधिकच रुळली. त्यामुळे काम बंद पाडून मालकाला जेरीस आणण्याचे सामंतांचे हुकमी शस्त्र इथे बोथट ठरले. ज्याला उत्पादन नकोच आहे, त्याच्याविरुद्ध उत्पादन थांबवून काय साधणार?

कामगार गावी गेले. शेतात राबले, गावातून धान्याच्या गोण्या आणल्या, भांडी आणि दागिने विकले, मुलांच्या शाळा सुटल्या. बायकांनी घरकाम, शिवणकाम, पापड-लोणची अशी मिळतील ती कामे धरली. हजारोंनी तुरुंग पाहिला. १९८२ चे वर्ष सरले तरी बहुसंख्य कामगार फिरले नव्हते, ही या संपाची सर्वांत विलक्षण बाब आहे. पुढे हळूहळू गिरण्या सुरू झाल्या, तेव्हा कोणाला परत घ्यायचे हे मालकांनी ठरवले. संप कधी अधिकृतपणे मागे घेतलाच गेला नाही. तो विरत गेला. नोकऱ्या गमावलेल्यांचे आकडे दीड लाखापर्यंत दिले जातात. केंद्र सरकारने १९८३ च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईतील १३ गिरण्यांचे व्यवस्थापन ताब्यात घेतले, पण तो उपाय म्हणजे बुडत्या जहाजाचा कप्तान बदलण्यासारखा होता.

या साऱ्यात सामंतांचा दोष काय? डच संशोधक एच. व्हान वेर्श यांनी या संपावर सविस्तर ग्रंथ लिहिला आहे. इतरांनीही पुष्कळ लिहिले आहे. प्रस्तुत प्रतिनिधीच्या मते दोष दोन. संपात शिरण्याची वाट सामंतांजवळ होती, बाहेर पडण्याची नव्हती. आणि इंजिनीअरिंग उद्योगात जिंकलेली लढाई त्यांनी मरू घातलेल्या उद्योगात तशीच्या तशी लढली. मात्र संपामुळे गिरण्या मेल्या, हे म्हणणे अर्धेच खरे आहे. संपाने मालकांना कामगार कमी करण्याची जी संधी दिली ती एरवी पंधरा-वीस वर्षांत तुकड्यातुकड्याने त्यांनी साधली असती. अहमदाबादेत असा संप झाला नव्हता, तरी तिथल्या गिरण्या ऐंशीच्या दशकात धडाधड बंद पडल्याच.

संप हरल्यावर नेता संपतो, असा राजकारणातील अनुभव. सामंतांच्या बाबतीत उलटे घडले. १९८४ च्या डिसेंबरमध्ये इंदिरा गांधींच्या हत्येनंतरच्या लाटेत काँग्रेसने चारशेहून अधिक जागा जिंकल्या, तेव्हा दक्षिण-मध्य मुंबईने सामंतांना लोकसभेत पाठवले. उपाशी राहिलेल्यांनीच त्यांना निवडून दिले. कामगार आघाडीही त्यांनी उभी केली. पण पुढे गिरणगावातील तरुण दुसरीकडे वळत होता. बापाची नोकरी गेलेली आणि स्वतःला नोकरी नाही, अशा पोरांना युनियनच्या सभेपेक्षा नाक्यावरची शाखा जवळची वाटू लागली. काहींना टोळ्या जवळच्या वाटल्या. १९८९ साली ती जागा शिवसेनेचे वामनराव महाडिक यांच्याकडे गेली.

आणि मग १९९१ साल उजाडले. या वर्षी दिल्लीत नवे आर्थिक धोरण आले आणि मुंबईत नवी विकास नियंत्रण नियमावली. शहराच्या दृष्टीने दुसरी घटना पहिलीइतकीच महत्त्वाची होती. तोवर गिरण्यांची जमीन औद्योगिक वापरासाठी राखीव होती. ती विकून टॉवर बांधणे शक्य नव्हते. तेव्हा १९८२ साली मालकांनी जमिनीसाठीच संप चिघळवला, असा जो प्रतिवाद केला जातो, तोही घाईचा आहे. जमिनीचे सोने नंतर झाले, नियमाने झाले. नियमावलीतील ५८ व्या कलमाने आजारी गिरण्यांच्या पुनरुज्जीवनासाठी जमीन विकसित करण्याची मुभा दिली. अट अशी की एकतृतीयांश जमीन मोकळ्या जागांसाठी महापालिकेला, एकतृतीयांश परवडणाऱ्या घरांसाठी म्हाडाला आणि उरलेली मालकाला. गिरणगावात एकूण सुमारे ६०० एकर जमीन या गिरण्यांकडे होती. शहराच्या मध्यावर, दोन्ही रेल्वेमार्गांच्या कुशीत. एवढी जमीन एकदम मोकळी होण्याची संधी कोणत्याही महानगराला क्वचितच मिळते.

सामंतांचा आयुष्याचा शेवटचा टप्पा या जमिनीच्या सावलीत गेला. गिरण्या बंद करण्याला, कामगारांची देणी न देता जमिनी विकण्याला त्यांनी विरोध सुरू ठेवला. आता समोर केवळ मालक नव्हते. बिल्डर होते, दलाल होते आणि जमिनीच्या व्यवहारात वाटा मागणारे टोळीवाले होते. खटाव मिलचे मालक सुनीत खटाव यांची मे १९९४ मध्ये महालक्ष्मीजवळ भररस्त्यात हत्या झाली. ज्या भागात एकेकाळी बोनसवरून घेराव पडत, तिथे जमिनीवरून गोळ्या चालू लागल्या. १९९६ साली वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांच्या अभ्यासगटाने गिरण्यांच्या जमिनींचा एकत्रित विचार करून उद्याने, रस्ते आणि घरे यांचा आराखडा सुचवला. तो फायलीत राहिला.

१६ जानेवारी १९९७ रोजी सकाळी सामंत पवईतील घरातून आपल्या गाडीने निघाले होते. घरापासून काही अंतरावर मारेकऱ्यांनी गाडी अडवून त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. संपाला पंधरा वर्षे पूर्ण होण्यास दोन दिवस होते. या खटल्यात काही मारेकऱ्यांना शिक्षा झाली. कटाचा आरोप असलेल्या छोटा राजनची विशेष न्यायालयाने २०२३ च्या जुलैमध्ये पुराव्याअभावी निर्दोष मुक्तता केली. हत्येमागे नेमके कोण होते, याचा निर्णायक उलगडा न्यायालयात झालेला नाही.

त्यानंतर जे घडले ते आजच्या वाचकाने डोळ्यांनी पाहिले आहे. २००१ साली ५८ व्या कलमात दुरुस्ती झाली. एकतृतीयांशाची वाटणी आता संपूर्ण जमिनीची नव्हे, तर केवळ मोकळ्या जमिनीची होणार होती. गिरणीची इमारत ज्या जागेवर उभी होती, ती जागा हिशेबातून बाहेर. एका शब्दाच्या व्याख्येने महापालिका आणि म्हाडा यांच्या वाट्याची जमीन कमालीची आकसली. २००५ साली मुंबई उच्च न्यायालयाने या अर्थाला धक्का दिला, पण मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारची दुरुस्ती ग्राह्य धरली. राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाने २००५ साली ज्युपिटर, अपोलो, एल्फिन्स्टन, कोहिनूर आणि मुंबई टेक्स्टाइल या पाच गिरण्यांच्या जमिनी विकून सुमारे दोन हजार कोटी रुपये उभे केले. त्याआधीच फिनिक्स मिलच्या आवारात बोलिंग अ‍ॅली आणि दुकाने आली होती. बिल्डरांच्या जाहिरातींतून लोअर परळचे ‘अप्पर वरळी’ झाले. गावाचे नाव खाली आहे म्हणून भाव वर जात नसावा!

अशा प्रक्रियेला अभ्यासक ‘जेन्ट्रिफिकेशन’ म्हणतात. ब्रिटनमधील समाजशास्त्रज्ञ रूथ ग्लास यांनी १९६४ साली लंडनच्या श्रमिक वस्त्यांत मध्यमवर्ग शिरत असल्याचे पाहून हा शब्द घडवला. लंडनमध्ये ते घरामागून घर होत गेले. गिरणगावात क्रम निराळा होता. आधी नोकरी गेली, मग जमीन, आणि शेवटी चाळीतली खोली. ती खोली विकून कोणी डोंबिवलीला गेले, कोणी विरारला, कोणी थेट गावी. जे राहिले त्यांच्या चाळींच्या जागी पुनर्विकासाचे मनोरे आले. शेजारच्या टॉवरमध्ये एका गाडीला जेवढी जागा मिळते तेवढीच आपल्या आजोबांच्या बिऱ्हाडाला होती, हे ज्याला मोजून पाहायचे असेल त्याने पाहावे. मुळात गिरणी कामगारांच्या पायी गर्दीसाठी बांधलेल्या पुलांवर आणि गल्ल्यांवर कचेऱ्यांचा लोंढा आला. एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर २९ सप्टेंबर २०१७ रोजी चेंगराचेंगरीत २३ जणांचा बळी गेला. त्याच वर्षी २९ डिसेंबरला कमला मिलच्या आवारातील उपाहारगृहांना लागलेल्या आगीत १४ जण मृत्युमुखी पडले. मोकळ्या जागांसाठीच्या एकतृतीयांश जमिनीचे काय झाले, हा प्रश्न त्या दोन्ही दिवशी पुन्हा विचारला गेला.

सामंतांना संपाच्या काळात जे सुचले नाही, ते त्यांच्यामागून आलेल्या साध्या कामगारांनी ओळखले. मॉडर्न मिलचे कामगार दत्ता इस्वलकर यांनी १९८९ साली बंद गिरणी कामगार संघर्ष समिती उभी केली आणि पुढे मागणीचा रोख पगारावरून घराकडे वळवला. गिरणी गेली, निदान तिच्या जमिनीवर राहायला जागा द्या, एवढेच हे म्हणणे होते. त्यातूनच म्हाडाची पहिली मोठी सोडत २०१२ साली निघाली, ६,९२५ घरांची. २०१६ मध्ये पनवेलजवळच्या कोन येथील घरांची सोडत झाली आणि मार्च २०२० मध्ये बॉम्बे डाइंग व श्रीनिवास मिलच्या जागेवरील ३,८९४ घरांची. इस्वलकर एप्रिल २०२१ मध्ये गेले. घरासाठी अर्ज करणारे कामगार आणि वारस मिळून पावणेदोन लाखांच्या घरात आहेत. २०२४ साली सरकारने शेलू आणि वांगणी येथील घरांचा पर्याय पुढे केला, तेव्हा संघटनांनी तो नाकारून मुंबईतील जागेचा आग्रह धरला. शेलू कर्जतच्या अलीकडे आहे. सामंतांच्या संपात ज्या कामगाराचे वय तिशीचे होते, तो आता सत्तरी ओलांडून गेला आहे.